चाळीस मिनिटांवरचं गाव

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. हे आधीच सांगून टाकते, कारण नव्या माणसाला हे कळलं की तो हसतो, आणि ते हसू मला आता सहन होत नाही. पिठाची पिशवी घेऊन जिना चढताना मला विनोद सुचत नाहीत.

आमची ओळखही लिफ्टमुळेच झाली. मी आत होते, तो बाहेर. मी तेव्हा हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होते. एका दुपारी दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली. आत मी आणि धुतलेल्या चादरींची ट्रॉली. बाहेरून एक शांत आवाज आला, "सिस्टर, दाराला हात लावू नका. मी आलोय."

"तुम्ही आलात ते ऐकू येतंय," मी म्हटलं. "दार कधी उघडणार ते सांगा."

"ते आत्ता सांगितलं तर खोटं होईल," आवाज म्हणाला.

दार उघडलं तेव्हा समोर कोपरापर्यंत ग्रीस लागलेला एक लुकडा माणूस उभा होता. मी त्याला वाट्टेल ते बोलले आणि तो "हो, हो" म्हणत राहिला. हा माणूस कधी वेळ सांगणार नाही आणि कधी चिडणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढे या दोन्ही गोष्टी मलाच निस्तराव्या लागल्या.

कामात मात्र त्याला तोड नाही. बंद लिफ्टच्या दाराला कान लावून तो असा उभा राहतो की आत कुणाचं बाळ झोपलंय असं वाटावं. इमारतीतले लोक भोवती जमून आरडाओरडा करतात, सेक्रेटरी बोट नाचवतो, हा ऐकत असतो ते दाराच्या पलीकडचं. एकदा मी विचारलं, तुला राग कसा येत नाही? तर म्हणाला, "अगं, त्यांचं बरोबर असतं. लिफ्टला वर जायला किती लागतं ते कुणी मोजत नाही. बटण दाबून आपण किती वेळ उभे आहोत तेवढंच माणूस मोजतो. आमची कंपनीसुद्धा लिफ्ट तपासताना तेच मोजते."

कंपनी मोठ्या शहरात. तिच्याकडे आमच्या गावातल्या लिफ्टा आहेत, आणि डोंगरापलीकडे पठारावर एक गाव आहे, तिथल्याही. तिथे एक हॉस्पिटल, दोन बँका आणि नव्यानं उगवलेल्या उंच इमारती. चार वर्षांपूर्वी तिथला मेकॅनिक सोडून गेला. नवा माणूस मिळेपर्यंत तेही गाव तू बघ, असं माझ्या नवऱ्याला सांगितलं. मधे डोंगर आणि एक खोल दरी आहे. रस्ता त्या दरीला वळसा घालून जातो, त्यामुळे सकाळची बस तिकडे पोचते ती दिवेलागणीला. म्हणून विमानाचं तिकीट द्यायचं ठरलं.

हे ठरवणारे साहेब कंप्युटरसमोर बसले होते. एक साइट असते म्हणे, दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उडायचा वेळ सांगते. अंतर निघालं दोनशे किलोमीटरच्या आत. वेळ चाळीस मिनिटं.

"चाळीस मिनिटं?" साहेब फोनवर हसले. "अरे, मला घरून ऑफिसला यायला याच्या दुप्पट लागतात. मग वेगळा माणूस कशाला हवा?"

तेव्हापासून आमच्या घराला ही चाळीस मिनिटं चिकटली आहेत. वाईट याचं वाटतं की ती खरी आहेत. खोटी असती तर मी भांडून मोकळी झाले असते. विमान एकदा उडालं की चाळीस मिनिटांत उतरतं, त्यात काडीचा फरक नाही. पण ते उडायला तर पाहिजे. ते विमान म्हणजे पंख्यांचं, बसएवढं. मोठ्या शहरातून निघतं, आणखी एका गावाला टेकून मग आमच्याकडे येतं. तिथे उशीर झाला की इथे उशीर. सकाळी आमच्या नदीवर धुकं असतं, दुपारी पठारावर वारा सुटतो. आमचा विमानतळ गावाबाहेर, तिकडचा तर कुठल्याच गावाच्या जवळ नाही. तिथून निघणारी टॅक्सी चार माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि चौथा माणूस कोण जाणे कुठून यायचा असतो.

त्यात त्याची पेटी. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, तारा. ही पेटी विमानात हातात घेऊ देत नाहीत, खाली सामानात टाकावी लागते. त्याआधी सुरक्षावाले ती दर खेपेला उघडतात आणि एकेक वस्तू वर काढून बघतात, जणू काल पाहिलेला पाना आज बदलून आला असेल. आणि विमान लहान, त्यामुळे वजन जास्त झालं की माणसं ठेवतात आणि सामान उतरवतात. कितीदा तरी नवरा पठारावर पोचलाय आणि पेटी इथेच राहिली आहे. बंद लिफ्टसमोर तो दोन्ही हात खिशात घालून उभा, आणि हॉस्पिटलवाले विचारतायत, सुरू का करत नाही? मग पेटी दुसऱ्या दिवशी येते. तोवर हा लिफ्टच्या मशीनरूममध्ये गोणपाट टाकून झोपतो. कंपनी मुक्कामाचं काही देत नाही. चाळीस मिनिटांवरच्या गावात मुक्काम कशाला?

आमची मुलगी दुसरीत आहे. बाईंनी वर्गात विचारलं, बाबा काय करतात? ती म्हणाली, विमानतळावर बसतात. बाईंनी मला बोलावून कौतुकानं विचारलं की पायलट आहेत का. मी म्हटलं, नाही हो, नुसते बसतात.

आता माझं. मुलगी झाली तेव्हा मी नोकरी सोडली नव्हती, ती सुटली मुलगी शाळेत जायला लागल्यावर. ऑपरेशन थिएटरमध्ये मधेच हातमोजे काढून "माझी पोरगी शाळेच्या फाटकात उभी आहे" असं सांगता येत नाही. आणि नवरा कधी गावात असेल हे त्याला स्वतःलाच माहीत नसायचं. घरी बसून मी चिडकी झाले आहे, हे मला कळतं. डबे घासते तेव्हा शेजारीण भिंतीवर टकटक करते. मला ते टेबल हवंय, ते दिवे हवेत, सर्जननं हात पुढे केला की न बोलता त्यात नेमकं हत्यार ठेवायचं ते काम हवंय. आमच्या मेट्रनबाईंना मी आवडायचे. त्यांनी निरोप धाडला की एक जागा रिकामी होतेय, पहिल्या तारखेपासून येतेस का सांग, फार दिवस अडवून ठेवता येणार नाही. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. शाळा चारला सुटते. म्हणजे सगळं गाडं अडलं होतं ते कंपनीच्या दुसऱ्या मेकॅनिकवर. तो आला तर नवरा गावात राहणार, आणि मी परत माणसात येणार.

मी नवऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हटलं, लाव फोन. तो "उद्या लावतो" म्हणाला. मी हलले नाही. शेवटी लावला. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, हे कबूल करते. सगळं ऐकून म्हणाले, "बरं, असं करू. मीच येतो. एकदा तुझ्याबरोबर सकाळी जातो, दुपारी परत येतो. डोळ्यांनी बघतो आणि मग ठरवतो."

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शेजारणीलाही खायला नेऊन दिलं. एकदा, फक्त एकदा साहेबांनी त्या पत्र्याच्या हॉलमधल्या बाकड्यावर बसावं. दमट भजी खावीत. चौथ्या माणसाची वाट बघावी. मेट्रनबाईंना कळवलं की आठवडाभरात सांगते. रोज सकाळी खिडकी उघडून मी नदीकडे बघायचे आणि धुकं दाट असलं की बरं वाटायचं.

माशी शिंकली ती इथे. साहेब येणार हे नवऱ्यानं विमानतळावर सांगून टाकलं. चार वर्षं ये-जा करून तिथली सगळी त्याच्या घरची झाली आहेत. काउंटरवरच्या मुलीच्या वडिलांच्या इमारतीची लिफ्ट यानं रविवारी जाऊन फुकट दुरुस्त केली होती. पेटी तपासणारे मिशीवाले याला डब्यातलं देतात. टॅक्सीवाले मामा याला उधारीवर सोडतात. त्यांना हा म्हणाला, "पुढच्या मंगळवारी आमचे साहेब येणार आहेत, माझ्याबरोबर प्रवास करून बघणार आहेत." का बघणार आहेत ते सांगितलं नाही. मी नंतर डोकं धरून विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "अगं, त्यांच्या तोंडावर त्यांच्याच विमानतळाची तक्रार कशी करायची? त्यांना वाईट वाटलं असतं."

तेव्हा त्यांनी आपापसात ठरवलं की याची बढती आहे आणि साहेब परीक्षा घ्यायला येतोय. आणि आपल्या माणसाची मान खाली जाऊ द्यायची नाही.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. मंगळवारी धुकं नव्हतं, त्याला कोण काय करणार. पण बाकीचं माणसांनी केलं. मामांनी टॅक्सी आदल्या दिवशी धुतली आणि पठारावरच्या आपल्या साडूला फोन करून सांगितलं, की दोन माणसं येतायत, चौथ्यासाठी थांबलास तर माझ्याशी गाठ आहे. मिशीवाल्यांनी पेटी उघडली, वरवर बघितली आणि सलाम ठोकून मिटली. काउंटरवरच्या मुलीनं तर कमाल केली. वजन जास्त होत होतं, तर तिनं एका व्यापाऱ्याचे दोन खोके संध्याकाळच्या विमानात ढकलले आणि पेटी पहिली चढवली. विमान वेळेआधी आलं. साहेबांनी मोबाइलवर वेळ लावला. उडाल्यापासून उतरेपर्यंत चाळीस मिनिटं. पठारावर साडू दार उघडून उभा. हॉस्पिटलची लिफ्ट दुपारच्या आत सुरू. परत येताना वारासुद्धा नाही.

पाचच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडलं तर नवरा, त्याच्यामागे धापा टाकणारे साहेब, आणि त्यांच्यामागे आमंत्रण नसताना आलेले मामा, तोंडभर हसत. नवऱ्याचा चेहरा बघून मला काय ते कळलं. मी चहा टाकला. कपबश्या जरा जोरात ठेवल्या असतील.

"वहिनी," साहेब म्हणाले, "काय सुंदर प्रवास. मी तर म्हणेन, तुमच्या मिस्टरांचा मला हेवा वाटतो. आमच्याकडे सिग्नलला जेवढा वेळ जातो तेवढ्यात हा डोंगर ओलांडून जातो."

"आज गेला," मी म्हटलं. "रोजचं विचारा त्याला."

साहेबांनी नवऱ्याकडे बघितलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी बशी खाली ठेवली. "रोजचंच आहे हे साहेब. आमच्याकडे असंच असतं. यांच्यासाठी तर आम्ही विमान थांबवून ठेवू."

"नेहमी असंच?" साहेबांनी विचारलं.

"नेहमी," मामा म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की वहिनी, शाबासकी द्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाशी आलेलं मी कसं गिळलं ते मलाच ठाऊक. मी नवऱ्याकडे बघत राहिले. बोल. आत्ता बोल. मामांना खोटं पाड आणि बोल. त्यानं मामांकडे बघितलं. मामांनी त्या दिवशी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. नवरा कपात बघून म्हणाला, "ही सगळी माणसं फार चांगली आहेत साहेब."

ते खरंच होतं, आणि म्हणून मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा शोधत राहिले. तो समोरच होता.

मला वाटलं, झालं ते झालं, आहे ते चालू राहील. तेवढ्यावरही भागलं नाही. चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. प्रवास इतका सुरळीत आहे तर पठाराच्याही पलीकडचं एक गाव आहे, तिथे नुकताच विमानतळ झालाय, तिथल्याही लिफ्टा तूच बघ. साइटवर पाहिलं, पठारावरून पंचवीस मिनिटं. नवरा "हो" म्हणाला. फोन ठेवून मला म्हणाला, "पंचवीस मिनिटं म्हणतायत."

हातातलं फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि मेट्रनबाईंना फोन लावला, नवऱ्यासमोरच. सांगितलं, एक तारखेपासून येते.

"मग मुलीचं काय?" त्यांनी विचारलं. "नवरा असतो का आता गावात?"

"चाळीस मिनिटांवर असतो," मी म्हटलं.

"एवढंच ना," त्या म्हणाल्या. "मग काळजी नाही."

फोन ठेवला तेव्हा नवरा माझ्याकडे टकामका बघत होता. मी म्हटलं, "शाळा चारला सुटते. घेऊन यायचं काम तुझं. मी थिएटरमध्ये असेन, माझा फोन बंद असेल. तुझ्या कंपनीचं म्हणणं आहे की तू चाळीस मिनिटांत येतोस. साहेबांनी घड्याळ लावून बघितलंय. मी साहेबांवर विश्वास ठेवते."

"अगं, पण विमान..."

"ते मला सांगू नकोस. चार वर्षं मलाच सांगतोस. ज्याला सांगायचं त्याला सांग."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मुलगी खाली चपलांचे जोड मांडून दुकान दुकान खेळत होती. मला वाटलं, नेहमीसारखा पेटी उघडून पाने पुसत बसेल. मीही मनातून घाबरले होते. एकदा शब्द दिला की मी तो मोडत नाही, आणि पोरगी फाटकात उभी राहिली असती तर ती माझीच पोरगी होती. त्यानं फोन घेतला. हात पँटला पुसले, फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून की त्याला धीर यावा म्हणून, देव जाणे.

"साहेब, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "एक तारखेपासून रोज चारला मला मुलीला शाळेतून घ्यायचंय. बायको कामावर जाणार आहे. तर मी पठारावरून दुपारच्या विमानानं निघत जाईन. चारच्या आत फाटकात पोचेन ना?"

"अरे, असं कसं?" साहेबांचा आवाज आला. "लहान मुलीचा प्रश्न आहे. विमानाचा काय भरवसा? कधी वारा, कधी धुकं, कधी येतच नाही. मुलीला रस्त्यावर उभी करणार आहेस का त्याच्या जिवावर? कुणीतरी गावातच असायला हवं."

फोनमधून साहेबांच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

"हो साहेब," शेवटी तो म्हणाला, अगदी हळू, बंद दाराशी बोलतो तसं. "गावातच असायला हवं. तेच सांगत होतो."

मग साहेब खोकले. मग म्हणाले, "ते तिसरं गाव सध्या राहू दे." आणि थोड्या वेळानं, "दुसऱ्या माणसाचं मी बघतो. एक तारखेपर्यंत तू तिकडे जाऊ नकोस."

"आणि एक तारखेनंतर?" मी मधेच विचारलं. मला राहवलं नाही.

"बघतो म्हटलं ना वहिनी," साहेब म्हणाले. "थोडा वेळ द्या."

"किती?"

फोन बंद झाला होता. नवरा माझ्याकडे बघून हसला, बऱ्याच दिवसांनी. मला हसू येत नव्हतं. मी ट्रंकेतून माझा पांढरा गणवेश काढला. तो कमरेत बसेना. मी खिडकीपाशी बसून त्याची शिवण उसवायला घेतली, आणि त्याला म्हटलं, जा, खालून पोरीला घेऊन ये.